बंडी टॉकीज नेमकी कुठे होती?

१

फ्रेम होती, काच होती, मागचा पुठ्ठाही होता. फोटो तेवढा नव्हता.

रीताने फ्रेम उलटी केली, सुलटी केली, बाकड्याखाली वाकून पाहिलं, रुचीची फाइल झटकली. फाइलमधून जुन्या परवान्याची नक्कल पडली, लाल पेनाने काढलेला नकाशा पडला, जिल्ह्यातल्या गावांची यादी पडली. फोटो काही पडला नाही. फ्रेमच्या मागचे चार बारीक खिळे मात्र औषधाच्या बाटलीच्या उलट्या झाकणात नीट ठेवलेले होते. चोर मोठा टापटिपीचा म्हणायचा.

"ताई, एक मिनिट. आधी शांत बसा," रुची म्हणाली.

"शांत कशी बसू? उद्या इतवार हाये, रुची! उद्या!"

रीताचा आवाज फाटला आणि ती चटकन मधल्या खोलीकडे पाहू लागली. आत बाजेवर तिचे बाबा पडले होते. भैयालाल कापगते, वय ब्याऐंशी. गोंदियाच्या डॉक्टरांनी मंगळवारी सांगून टाकलं होतं, घरी न्या, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. त्यातले चार दिवस आज संपत आले होते.

रीता मुर्रीला सासरी असते. बाबांसाठी ती सावरबोडीला येऊन राहिली होती. कोहमाऱ्यापासून बारा किलोमीटरवरचं हे गाव. गावात भैयालालचं घर आहे, पण घराला गाव नाही. एकोणचाळीस वर्षांत गावातल्या एकाही माणसाने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. बारा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा खांदा द्यायला मुर्रीहून रीताच्या सासरचे चौघे आले. गावचे लोक आपापल्या दारात उभे राहून तिरडी जाताना पाहत होते. ते रीता विसरलेली नव्हती. बाबांचंही तसंच होणार या विचाराने गेले चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कारण सांगायचं तर बंडी टॉकीज. मोठ्या शहरांत मोटारीत बसून सिनेमा पाहायची उघडी थेटरं होती म्हणतात. इकडे लोक बैलबंडीत बसून पाहत. बंडीत भाताचं तणस पसरायचं, त्यावर घोंगडं, त्यावर सगळं घर. बैल सोडून चाकाला बांधायचे. भैयालाल त्या टॉकीजचा ऑपरेटर. १९८६च्या मे महिन्यात सावरबोडीच्या खेळाला आग लागली, अकरा बंड्या जळाल्या आणि दुधराम गहाणे नावाचा तिशीतला माणूस बैल सोडवायला परत गेला तो आलाच नाही. ऑपरेटरने मशीनच्या दिव्यातला जळता कार्बन बाहेर फेकला, ठिणगी वाऱ्याने तणसावर गेली, असं ठरलं. भैयालाल दोन वर्षं तुरुंगात राहून आला आणि त्यानंतर गावासाठी मेला.

रुची बिसेन गोंदियाच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि सुट्टीत अशा उघड्या टॉकीजच्या जागा शोधत हिंडते. आमगावची कुठे होती, देवरीची कुठे होती, कचारगडच्या जत्रेत पडदा कोणत्या झाडाला बांधत. कुठे आता राइस मिल झालीय, कुठे लग्नाचं लॉन. सावरबोडीला ती सहज आली आणि पाहता पाहता म्हणाली, "ताई, कागदावर टॉकीज आखरावरच्या, गुरं गोळा होतात तिथल्या, पडीक शेतात आहे. पण मला ती जागा पटत नाही."

तेवढ्या एका वाक्याला रीता बुडत्यासारखी चिकटली होती. माजी सरपंच रामलाल परशुरामकर यांच्या हातापाया पडून तिने शब्द घेतला होता. इतवारी दुपारी गाव चावडीवर बसेल. तुझ्या बापाचा दोष नव्हता हे दाखव, मग खांद्याचं पाहू.

आणि दाखवायचा पुरावा सकाळी हाती आला, दुपारी गेला.

२

"मोबाइलवर काढला होतास ना?" रीताने विचारलं.

रुचीने मोबाइल पुढे केला. काचेवर उन्हाचा पांढरा गोळा आणि त्यात रुचीचाच चेहरा. बाकी काही नाही. उद्या फ्रेममधून काढून नीट घेऊ असं तिने ठरवलं होतं. शिकलेली माणसंसुद्धा अशी गाफील राहतात.

फोटो दोघींनीही सकाळी पाहिला होता, घाईघाईत. काळापांढरा. मागे पडदा, पडद्याच्या पाठी मातीची उंच रेघ, बाजूला बेशरमची झुडपं, जमिनीला भेगा. शेतात बेशरम कशाला येईल? ती तलावाच्या पोटात माजते. टॉकीज शेतात नव्हती, आटलेल्या तलावात होती, हे त्या फोटोत ढळढळीत दिसत होतं. पुढे चारपाच पोरं उभी होती. मधल्या पोरीच्या फ्रॉकच्या घोळात चिचबिलाया, विलायती चिंचेच्या शेंगा, दिसत होत्या आणि बाकीची हात पसरून मागत होती. पोरांकडे कोण पाहतो? दोघी तलावाची पाळ, म्हणजे बांध, पावलांनी मोजायला धावल्या होत्या.

"बाबा, कोणी आलं होतं का?" रीताने बाजेजवळ जाऊन विचारलं.

भैयालालने डोळे उघडले नाहीत. "रामलालचा आवाज आला. मंग त्या ढाब्यावाल्याची गाडी. मंग पुष्पा."

एकोणचाळीस वर्षांत कोणी आलं नाही आणि एका सकाळी तिघं! तिने टेबलफॅन बाबांकडे वळवला. तो घरघरून बंद पडला. पुसावा म्हणून तिने जाळी सोडवायला घेतली, तसे बाबा डोळे न उघडताच पुटपुटले, "इस्क्रू झाकणात ठेव. खाली नोको ठेवू."

"हो बाबा." मरणाच्या दारातही या माणसाला स्क्रूची काळजी. रीताला रडू आलं आणि रागही.

आधी दोघी पुष्पाबाईंकडे गेल्या. त्या दुधरामची बायको. फोटो त्यांच्याच भिंतीवरचा. सकाळी रुची एकटी जाऊन मागून आली होती. आता दारात रीता दिसताच म्हातारीचा चेहरा बदलला.

"ही कायले आली?"

"आजी, फोटो चोरीला गेला," रुची म्हणाली.

पुष्पाबाई मटकन खाली बसल्या. हे नाटक असेल तर म्हातारी नाटक मंडळीत हवी होती. "माझ्या मालकानं काढलेला फोटो तो! त्याच दिवशी, उजेड होता तवा. जत्रेतून क्यामेरा घेतला होता हौसेनं. रोल क्यामेऱ्यात रायला, मालक गेला. मागून मीच तो धुवून घेतला. मले वाटलं, भैयालालच्या घरी कायले दिला आपण. म्हणून परत घ्याले आली होती मी."

"मग घेतला?"

"उंबरा कोण ओलांडते त्या घरचा? आंगणातून हाका मारल्या अना वापस आली."

"आगीची सुरुवात कुठून झाली, आठवतं?"

"आमच्याच बंडीपासून. आमची सगळ्यात पुढं होती, पडद्यापाशी. मी सासूले पानी द्याले खाली उतरली होती. पोरं बंडीखाली खेळत होती, ओरडत पळाली. वर पायतो त जाळ." त्यांनी रीताकडे बोट केलं. "हिच्या बापाच्या ठिणगीनं."

बाहेर पडल्यावर रुचीने हळूच विचारलं, "ताई, त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"मी? सहा वर्षाची होती. ताप होता म्हणून घरी झोपली होती. बाबा सांगतात." रीता घाईने पुढे चालत होती. "चल लवकर. तो वीरेंद्र ढाबा सोडून गेला त सापडणार नाही."

३

वीरेंद्रच्या वडिलांची टॉकीज. आता त्याचा कोहमाऱ्याच्या चौकात ढाबा आहे, ट्रकवाल्यांची रीघ लागलेली असते. रीताला पाहून तो गल्ल्यावरून उठला.

"आओ ना, बैठो. सकाळी आलो होतो तुमच्याकडे. घरात कोणी नव्हतं."

"कायले आला होतास?"

"सरळ सांगतो. ऐकलं की ही मॅडम टॉकीजची जागा खोदून राहिली. मंग जुनी केस निघेल, परवाना निघेल. माझ्या बापाचं नाव कायले पुन्हा पेपरात आणता?"

"म्हणून फोटो नेलास!" रीताने टेबलावर हात आपटला. दोन ड्रायव्हर वळून पाहू लागले. तिला त्यांची लाज वाटली नाही. लाज वाटायला वेळ कुठे होता?

"कोणता फोटो? बाई, मी गाडीतून उतरलोच नाही. हॉर्न वाजवला अना निघालो." त्याने रुचीकडे पाहिलं. "मॅडम, मी बारा वर्षाचा होतो. भैयालालकाका मले लय आवडत. पन कडक माणूस. केबिनमध्ये मालकाच्या पोरालेही पाय टाकू देत नव्हते."

"कुणालाच नाही?"

"गावच्या कोणालेच नाही. कार्बनच्या जळक्या कांड्या असत ना, पेन्सिलीएवढ्या, वरून तांब्याचा चकचकीत मुलामा? पोरं त्यासाठी जीव टाकत. भिंतीवर लिहाले मस्त. पन त्या गरम असतात. काका रेतीच्या डब्यात टाकत, थंड झाल्याबिगर हात लावू देत नव्हते." त्याने गल्ल्याचा खण लावून टाकला. "आग विझली तवा पोलिसांनं तोच डबा पाहिला. रिकामा. म्हणून त म्हणाले, यानं कांड्या बाहेर फेकल्या."

"बाबा बाहेर फेकणारे नव्हते!" रीता म्हणाली.

"मी कुठं म्हणतो होते? मंग डबा रिकामा काऊन, ते सांगा."

ते रीताला सांगता येईना. चहाचा ग्लास तसाच ठेवून ती उठली. ग्लास उचलायला आलेल्या वेटरने तिच्या तळहाताकडे पाहिलं. तिथे जुना गोल डाग होता, नाण्याहून लहान, पेन्सिलीचं बूड टेकवावं तेवढा. ती सवयीने मूठ मिटून घेई.

"हे काय लागलंय, ताई?" बसमध्ये रुचीने विचारलं.

"लहानपणी चुलीतला निखारा धरला होता म्हणे."

रुची खिडकीबाहेर पाहत राहिली. निखारा गोल नसतो, एवढं ती बोलली नाही.

४

रामलाल तलावाच्या पाळीवर बसले होते. तलाव आटलेला, पोटात गुरं चरत होती. म्हातारा माणूस, पण ताठ. दोघींना येताना पाहून त्यांनी तोंड फिरवलं नाही, तेव्हाच रुचीला वाटलं की हा माणूस आज बोलणार.

"काका, फोटो तुम्ही नेला का?" रीताने धाप लागत विचारलं. तिच्यात आता मानमरातब उरला नव्हता. "नेला असन त द्या. बाबांचा श्वास लागून राहिला. उद्याची सकाळ दिसते का नाही सांगता येत नाही. मी तुमच्या पाया पडते."

"ऊठ, पोरी. मी नाही नेला. तू सपरी सारवून गेली होतीस, ओली होती, म्हणून आंगणातूनच हाक मारली." ओसरीचं सारवण सुकलेलं असतं तर ते आत गेले असते असं थोडंच होतं? त्यांनाही ते जाणवलं असावं. "मले भीती होती. ती फोटोची नाही, जागेची."

"टॉकीज तलावात होती," रुची म्हणाली.

"होती. आम्ही कोहली. तलाव बांधनं हे आमच्या आज्याचं काम. बांधलेल्या तलावाच्या पोटात बंडीचं चाक घालाचं नाही, आग पेटवाची नाही, हा आमचा कायदा. त्या साली शेतात सराटा माजला होता, बैलांच्या पायात जात होता. टॉकीजचा मालक म्हणाला, तलाव कोरडाच हाये. मी सरपंच. मी हो म्हणलो." त्यांनी काठीने मातीत रेघ ओढली. "मानूस मेला तवा साऱ्या गावाले वाटलं, तलावाचा कायदा मोडला म्हणून झालं. पोलीस यायच्या आधी गाव बसलं. राख, चाकं, केबिनचा पत्रा, सारं उचलून शेतात नेलं. पंचनामा शेतात झाला. सारे एका तोंडानं शेत म्हणाले. आजवर म्हणतात."

रीता पुढे सरकली. "काका, पडदा कोणीकडं होता?"

"हितंच. या पाळीले टेकून. पश्चिमेले. बंड्या त्याच्यासमोर. केबिन पार तिकडं पूर्वेले, गावाच्या अंगाले."

"आणि शेतात उलट दाखवलं," रुची हळू म्हणाली, "केबिन पश्चिमेला, पडदा पूर्वेला. मे महिन्यात इकडे संध्याकाळचा वारा कुठून येतो, काका?"

"पश्चिमेकडूनच येते. आताही येऊनच राहिला."

रीताच्या पदराचा शेव पूर्वेकडे उडत होता. तिने तो पाहिला आणि तिला रडू कोसळलं. वारा पडद्याकडून केबिनकडे वाहत होता. आग लागली ती सगळ्यात पुढच्या बंडीला. मागच्या केबिनमधली ठिणगी उलट्या वाऱ्याने अकरा बंड्या ओलांडून पुढे कशी जाईल? गेलीच नाही! बाबांनी काही केलंच नव्हतं!

"काका, उद्या चावडीवर हे सांगाल?"

"सांगीन. माझंही किती दिवस रायले?" रामलाल काठी टेकत उठले. "पन एक गोष्ट मले आजवर समजली नाही. आम्ही भैयालालवर घातलं, त तो एका शब्दानं नाही म्हणला नाही. मी त्याले सांगाले गेलो होतो, की बाबा, दुसरं काही कारण सांगू. तो म्हणला, राहू द्या. माझ्याच हातून झालं."

५

रीता घराकडे जवळजवळ पळत सुटली होती. रुचीने तिचा हात धरला. "ताई, थांबा. घरी जायच्या आधी."

"आता काय? फोटो नसला तरी चालते. काका सांगनार हायेत!"

"फोटो कोणी नेला ते मला कळलंय."

रीता थांबली.

"जागेची भीती रामलालकाकांना होती, वीरेंद्रला होती. जागा लपवायची असती तर चोराने माझा नकाशा नेला असता. लाल पेनाने तलाव दाखवलेला, फाइलमध्ये सगळ्यात वर होता. परवाना नेला असता. त्याने ते हलवलंसुद्धा नाही. त्याला जागेचं काही पडलं नव्हतं. फोटोत दुसरं काहीतरी होतं."

"दुसरं काय? पोरं होती चार."

"त्याकडे येते. तुम्ही निघताना सपरी सारवली. काका आले तेव्हा ती ओली होती. आपण मागच्या दाराचं कुलूप काढून परतलो तेव्हा सुकली होती आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. तिच्यावर पहिलं पाऊल माझंच पडलं, म्हणून लक्षात आहे. बाकडं सपरीतच, मधल्या खोलीच्या दाराला लागून आहे. बाहेरून कोणी आलंच नाही, ताई. आतून हात लांबवला तर फ्रेम हाताशी येते."

"आत बाबाच होते! त्यांना उठता येत नाही."

"भिंत धरून तुम्ही त्यांना मोरीपर्यंत नेता." रुचीचा आवाज उतरला होता. "खिळे झाकणात ठेवले होते, ताई. घाईतला चोर खिळे टाकून देतो. तंबूत, मातीत मशीन उघडणारा माणूस स्क्रू कधी खाली ठेवत नाही. हरवला की खेळ बंद. तो झाकणात ठेवतो, आणि पंखा उघडणाऱ्या मुलीलाही तेच सांगतो."

रीता पाळीच्या उतारावर बसली. "पण तो फोटो त त्यांनाच सोडवत होता. काऊन लपवतील ते?"

रुची तिच्यासमोर उकिडवी बसली. पुढचं बोलायला तिला फार जड जात होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आपण म्हणालो, पोरं चिचबिलाया खात होती. चिचबिलाई वाकडी असते, वळलेली. त्या पोरीच्या फ्रॉकमध्ये होत्या त्या सरळ होत्या. पेन्सिलीसारख्या. आणि बाकीची तिच्याकडे मागत होती, कारण त्या फक्त तिच्याकडेच होत्या. गावच्या कुणाला केबिनमध्ये पाय टाकता येत नव्हता. मालकाच्या मुलालाही नाही. मग कांड्यांचा डबा कुणाला रिकामा करता येईल?"

रीता पाळीवरची माती नखाने उकरू लागली.

"उजेडात तिने गार कांड्या वाटल्या, तेव्हा हा फोटो निघाला. मग खेळ सुरू झाला आणि पोरांनी आणखी मागितल्या असतील. त्या वेळची कांडी गरम होती. बंडीपाशी हाताला चटका बसला आणि हातातून सुटली. खाली तणस होतं." रुचीने तिचा तळहात हातात घेतला. "निखाऱ्याने गोल डाग पडत नाही, ताई. ताप आला होता, घरी झोपली होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तलावात कोणीतरी गुरांना हाकारत होतं. रीताने हात ओढून घेतला, मूठ मिटली, पुन्हा उघडली. तिला काहीच आठवत नव्हतं. एवढी मोठी आग, एक माणूस, अकरा बंड्या, आणि तिच्या डोक्यात त्याची एक ज्वाळासुद्धा नव्हती. इतकं नीट पुसलं होतं बाबांनी.

६

फोटो उशीखाली होता. रीताने हात घातला तेव्हा भैयालालने अडवलं नाही.

"चूल पाच पावलांवर होती, बाबा. जाळला काऊन नाही?"

"तुझा लहानपनचा दुसरा फोटो नाही," बाबा म्हणाले. बोलताना छाती धापत होती. "माय तुले घेऊन घरी पळाली होती. हात पाहिला अना समजलो. तुले विचारलं त तू म्हणलीस, बाबा, कांडी पडली, मी दुधरामकाकाले विझवाले बलावते. तो मेला होता तवा."

रीताने तोंडात पदर कोंबला.

"सहा वर्षाच्या पोरीले कोणी जेलात टाकत नाही," ते पुढे म्हणाले. "पन गाव जगू देत नाही. लग्न होऊ देत नाही. माझं काय, मी जगून झालो होतो. तू उद्या चावडीवर जाऊ नोको. रामलाल बोलला, की वारा उलटा होता, त पुष्पा विचारनच. मंग लावली कोणं?"

"बाबा, तुम्हाला खांदा..."

"मुर्रीचे चौघं हायेत. पुरे. शपथ घे, पोरी."

रीताने शपथ घेतली नाही. घेते असंही म्हणाली नाही. ती रात्रभर बाजेशी बसून त्यांचा श्वास ऐकत राहिली आणि उजाडल्यावर रुचीला त्यांच्याजवळ बसवून एकटीच निघाली.

पुष्पाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. रीताने फोटो त्यांच्या पायाशी ठेवला आणि मधल्या पोरीवर बोट ठेवलं. "आजी, ही मी. ठिणगी बाबांची नव्हती. कांडी माझ्या हातून पडली." एका दमात सांगितलं, कारण दुसऱ्या दमाला धीर उरला नसता.

सूप थांबलं. पुष्पाबाईंनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"केवढी होतीस?"

"सहा."

"भैयालालले मालूम होतं?"

"त्याच दिवसापासून."

"चाळीस साल तो या रस्त्यानं गेला की मी थुंकली," पुष्पाबाई म्हणाल्या. "त्यानं एकदा मान वर केली नाही. मले वाटे, गुन्हेगार हाये म्हणून करत नाही." त्या उठल्या, पदर सारखा केला आणि रीताकडे न पाहता बाहेर पडल्या. शिवी नाही, क्षमा नाही. त्या रामलालच्या घराकडे वळल्या, एवढंच रीताला दिसलं. आता काय होईल ते होवो, असं म्हणत ती घरी परतली.

दुपारी चावडीवर कोणी बसलं नाही. अंगणात चपला वाजल्या. आधी दोन, मग पुष्कळ. भैयालालने डोळे उघडले.

"कोण हाये?"

"रामलालकाका हायेत. ढाब्यावाला वीरेंद्र हाये. गहाण्यांची पोरं हायेत. बाहेर आणखी लोक हायेत, बाबा."

म्हाताऱ्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने लेकीकडे असं पाहिलं की तिला वाटलं, याच्यापेक्षा गावाने दगड मारले असते तर बरं.

"सांगतलंस."

"हो बाबा."

"माझी सारी जिंदगी मातीत घातलीस." त्याच्या डोळ्यांतून पाणी कानशिलावर उतरलं. बाबा चुकले असं तिला म्हणता येत नव्हतं, आणि आपण चुकलो असंही वाटत नव्हतं. ती नुसती त्यांचं पाणी पुसत राहिली.

"पुष्पा?" त्यांनी विचारलं.

"आल्या. सपरीत उभ्या हायेत."

"तुले मारलं?"

"नाही."

भैयालालने डोळे मिटले. छाती इतकी सावकाश हलत होती की रीताने घाबरून त्यांच्या नाकाशी हात धरला. मग ओठ हलले आणि आवाजात जुन्या घरधन्याचा करडेपणा आला.

"मंग उभी काऊन ठेवलीस? बाज टाक. बसाले दे तिले."